ओटीपी विचारू नकोस

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोन मीटिंगच्या मधे बोलतेस आणि मीही "बरं बरं" म्हणून ठेवून देतो, म्हणून हे लिहून पाठवतोय. सावकाश वाच. सांगायचं एकच आहे. इथून पुढं मला ओटीपी विचारायचा नाही.

रागानं लिहीत नाही. घरातलं सगळं ऑनलाइन झालं ते तुझ्यामुळंच. सातबारा, पीकविमा, गॅसची नोंदणी, लाईट बिल, अवजाराचा अर्ज, सगळं तू पुण्यात बसून भरतेस. माझ्याकडं काम उरलं ते एवढंच, की फोन वाजला की चष्मा शोधायचा आणि सहा आकडे वाचून दाखवायचे. कशाचे आकडे, हे मी विचारत नाही आणि तू घाईत सांगत नाहीस. त्याच मेसेजात खाली लिहिलेलं असतं की हा कुणालाही सांगू नका. तेही मी तुला वाचून दाखवलंय एकदा, तू हसलीस.

पण चोर तरी दुसरं काय म्हणतो? "काका, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा." लेकीला आकडे सांगून सांगून ज्याला सवय झाली, त्याची जीभ पुढच्याचा आवाज ओळखायच्या आधीच चालते. आपल्या गावातल्या एकाला वीज कंपनीच्या नावानं मेसेज आला: मागचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री लाईट तोडणार, या नंबरवर बोला. बोलला. पलीकडच्यानं एक ॲप टाकायला लावलं, दहा रुपये भरून बघा म्हणाला, आणि खातं रिकामं. माणूस चांगला शिकलेला. त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा जो 1930 नंबर आहे त्यावर फोन लावला असता तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत काही अडवता आले असते. तो दोन दिवस लाजेनं घरात कुणाला बोललाच नाही. मला त्याच्या फसण्यापेक्षा त्या दोन दिवसांचं जास्त वाईट वाटतं.

तू म्हणशील, "अण्णा, तुम्ही काहीतरी चुकीचं दाबाल." म्हणून यंदाची ई-पीक पाहणी, म्हणजे रानातलं पीक मोबाईलवरून सातबाऱ्यावर नोंदवायचं काम, कशी केली ते सांगतो. तुला न विचारता केली.

ही पाहणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 ला सुरू झाली, पण आपली नोंद दरवर्षी शेजारचा पोरगा उरकून द्यायचा. यंदा मी स्वतः फोन घेऊन रानात गेलो. खाते क्रमांक टाकला, गट निवडला. ॲपला तुमचं लोकेशन लागतं. बांधाबाहेर उभं राहिलं की गटापासून किती लांब आहात ते दाखवतं आणि फोटो काढायला आत जावं लागतं. म्हणजे हे काम पुण्यातून होण्यासारखं नाहीच. एकच पीक आहे की मिश्र, असं विचारलं. शेजारचा पोरगा सरळ सगळं सोयाबीन टाकायचा, भानगड नको म्हणून. आपण दरवर्षी मधे तुरीची तासं धरतो, ती सातबाऱ्यावर कधी आलीच नव्हती. मी क्षेत्र हेक्टर-आरमध्ये वाटून दोन्ही पिकं टाकली. विहिरीकडची पड पड म्हणून लावली, बांधावरचे आंबेसुद्धा नोंदवले. तरी एका ठिकाणी आकडा चुकलाच. 48 तासांत आपल्याला दुरुस्ती करता येते, दुसऱ्या दिवशी जाऊन केली. रानात रेंज जाते-येते, त्यामुळं माहिती साठवून ठेवली आणि चढावरच्या लिंबाखाली येऊन अपलोड केली.

याला मी एवढं का महत्त्व देतो? सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये आहे. खरेदी केंद्रावर ऑनलाइन नोंदणी करताना सातबाऱ्यावर पेरा लागतो. नमुना बारात, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात, पीक नसेल तर पोती घरात असूनही कागदावर तुम्ही पेरलंच नाही. पूर्वी पेरा कुणीतरी चावडीत बसून लावायचा, आता मी लावलेला आहे. चूक झाली तर माझी, पण तूर माझ्या नावावर दिसते.

सातबाराही आता मीच काढतो. फुकट दिसतो तो नुसता बघायला. बँकेला डिजिटल सहीचा लागतो, त्याला 15 रुपये पडतात आणि त्यावर 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो. साइटच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन आहे का, ते आधी बघतो. तलाठी कोणत्या दिवशी सज्जावर असतील याची चौकशी करत बसण्याचे ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही, गावातली म्हातारी मंडळी काहीही म्हणोत. एक मात्र खरं. माणसाला "का अडलंय?" असं विचारता यायचं. एका अर्जावर किती महिने "छाननी सुरू" एवढंच दिसतंय, विचारायचं कुणाला?

आईच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवू म्हणालीस. विचार चांगला आहे, तिच्या ठशावर कुणी पैसे काढू नयेत. पण रेशन त्याच अंगठ्यावर मिळतं. खुरपून खुरपून रेषा गेल्यात, आधीच दोन-तीनदा ठेवल्याशिवाय अंगठा लागत नाही. त्यात लॉक असलं तर दर महिन्याला उघडायचं कोण? हे मला अजून नीट जमत नाही. तू आलीस की समोर बसून दाखव, मग लावू.

रेल्वेचं तत्काळचं तिकीट तूच काढ. सकाळी दहाच्या त्या पळापळीत मला पडायचं नाही. विम्याचा फॉर्मही आपण दोघं मिळून भरू, त्यात भाषा फार अवघड असते. बाकीचं माझ्यावर सोड. पैसे येणार असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार, एवढं मला पक्कं कळलंय. कधी अडलो तर तुला फोन करीन आणि पडद्यावर काय दिसतंय ते वाचून दाखवीन. आकडे सोडून.

आणखी एक. बँकेच्या खात्याला नंबर तुझा आहे. तेव्हा माझ्याकडं साधा फोन होता म्हणून तो दिला, ते ठीकच होतं. आता खात्यातून पैसे गेले की पुण्यात तुला कळतं आणि इथं मला नाही. सोमवारी पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जाणार आहे, नंबर बदलण्याचा अर्ज भरून ठेवलाय. बदल झाला की तुझ्या फोनवर तसा मेसेज येईल. घाबरून कुठं तक्रार करू नकोस, तो खरा असेल.

तुझे,
अण्णा