चवथीच्या तयारीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली, म्हणून आधीच कळवते. मखरासाठी थर्माकोल आणू नये. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. प्लास्टिकची ताटे, पेले, चमचेही त्याच यादीत येतात. प्रसाद केळीच्या पानावर किंवा फणसाच्या पानांच्या पत्रावळीवर वाढावा. मूर्ती चिकणमातीचीच सांगावी.

माटोळीबद्दल, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीबद्दल, मात्र जरा सविस्तर सांगायचे आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी आंबाडे, तोरिंगे, सुपारीचे घोस नायलॉनच्या दोरीने बांधले होते. विसर्जनानंतर सगळे माडाच्या आळ्यात टाकले. फळे कुजून खत झाली, पण दोरीचे तुकडे अजून मातीत सापडतात. फार वाईट वाटते. यंदा सगळ्यांनी केवणीच्या (मुरुडशेंगेच्या झाडाच्या) सालीचाच दोर वापरू या. साल आधी भिजवली की गाठ घट्ट बसते.

रानातून कांगणी (माटोळीत बांधायची रानवेलीची फळे) आणताना वेल ओढू नये, घोस तेवढा कापावा. थोडी फळे वेलावरच राहू द्यावीत, म्हणजे बी तिथेच पडेल. बाजारातून घ्यायचे तर रानचा माल घेऊन बसणाऱ्या बायांकडूनच घ्यावे, आणि कापडी पिशवी घरून न्यावी.

केवणीचा दोर हवा असल्यास रविवारपर्यंत गटावर कळवावे.