पर्मनंट आहे का?

ती. बाबा आणि ती. आई,

सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं पत्र शांतपणे वाचाल. नाही, पर्मनंट नाही. परदेशातल्या विद्यापीठांमध्ये इंग्रजी शिकवायच्या ज्या जागा मी बघते आहे, त्या जवळजवळ सगळ्या कराराच्या असतात. एक वर्षाचा करार, काम पसंत पडलं तर पुढे आणखी एका वर्षाचा, आणि बऱ्याच ठिकाणी चार-पाच वर्षांनी निरोप. फोनवर हे सांगायला लागले की तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता आणि आई विषय बदलते, म्हणून लिहायला बसले.

आधी काम काय ते सांगते, कारण आई, तू शेजारीपाजारी सांगतेस तसं मी तिथे शेक्सपिअर शिकवणार नाहीये. साहित्य शिकवायच्या जागा मोजक्या, त्यांना पीएचडी हवीच, आणि अर्ज जगभरातून येतात. मी शोधते आहे ती जागा भाषा शिकवण्याची आहे. इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला आलेल्या मुलांना पुढची सगळी पुस्तकं इंग्रजीत वाचायची असतात आणि शाळेत तर सगळं मातृभाषेत झालेलं असतं. आखाती देशांत म्हणूनच पदवीच्या आधी एक पायाभरणीचं वर्ष असतं. ओमानमध्ये तर तो रीतसर ‘जनरल फाउंडेशन प्रोग्राम’ आहे. जपानमध्ये बहुतेक विद्यापीठांत पहिली एक-दोन वर्षं सगळ्यांनाच इंग्रजी घ्यावं लागतं. या मुलांना कविता नको असते. प्रयोगाचा अहवाल लिहिता यायला हवा, व्याख्यान ऐकताना टिपणं काढता यायला हवीत. ॲव्हरिल कॉक्सहेड नावाच्या बाईंनी २००० साली अशा अभ्यासाच्या पुस्तकांत सतत भेटणाऱ्या शब्दांची एक यादी काढली, ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कूळ). ‘ॲनलाइज’, ‘कॉन्सेप्ट’, ‘डेटा’ असले शब्द. त्या यादीवर मी तासन् तास बोलू शकते, पण तुम्हाला छळत नाही. एवढंच सांगते की हे काम मला मनापासून आवडतं आणि साहित्याच्या तासापेक्षा कमी प्रतीचं आहे असं मला वाटत नाही.

आता पासपोर्ट. बाबा, तुम्ही म्हणालात, “इंग्रजी शिकवायला ते आपल्या माणसांना कशाला बोलावतील?” प्रश्न कडू आहे पण खोटा नाही. कोरियात इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्यांसाठी ई-२ नावाचा व्हिसा आहे. तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत-कोरिया करारामुळे २०१० पासून आपल्यासाठी एक फट ठेवलेली आहे, पण ती शाळांमधल्या सहायक शिक्षकांपुरती. चीनमध्येही भाषा शिकवायची तर ती तुमच्या देशाची मातृभाषा असावी असा नियम. म्हणजे ज्या पोरीने आयुष्यभर इंग्रजीचं व्याकरण घोटलं तिला दार बंद, आणि इतिहासात पदवी घेतलेल्या एखाद्या कॅनेडियन मुलाला दार उघडं. राग येतो. पण रागाने अर्ज भरले जात नाहीत.

आणि नेमकं म्हणूनच मी विद्यापीठाच्या मागे लागले आहे, भाषेच्या क्लासच्या नाही. कोरियातला प्राध्यापकांचा ई-१ व्हिसा त्या सात देशांपुरता नाही; तिथे पदवी आणि अनुभव बघतात. जपानमध्ये विद्यापीठात शिकवणाऱ्याला ‘प्रोफेसर’ या वर्गाचा परवाना मिळतो. शाळेत शिकवणाऱ्याचा वर्ग वेगळा, खाजगी क्लासमध्ये शिकवणाऱ्याचा आणखी वेगळा. जागा जितकी शिक्षणावर मोजली जाते तितकी पासपोर्टची अडचण कमी. संपते असं मात्र म्हणणार नाही. जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहिलेलं अजूनही दिसतं. कुठे ‘किंवा तत्सम प्रभुत्व’ अशी पुस्ती असते, आणि ती पुस्ती दिसली की मी अर्ज करते. टेसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये या भेदभावाविरुद्ध अधिकृत निवेदन काढलं आहे. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू तर श्रीनगरचे, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवायचे. इंग्रजी आता एकट्या इंग्रजांची राहिलेली नाही, भारतातली इंग्रजी ही स्वतःच्या जोरावर उभी असलेली इंग्रजी आहे, हे त्यांनी ऐंशीच्या दशकातच जगाला पटवायला घेतलं होतं. अजून सगळ्यांना पटलेलं नाही, एवढंच.

मधे एक ऑफर आली होती, त्याबद्दल तुम्ही विचारत होतात. मी ती नाकारली. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘विद्यापीठात इन्स्ट्रक्टर’ असं होतं. करार मागवला तर सही विद्यापीठाची नव्हती, माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीची होती. “आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे आल्यावर बदलून देऊ,” असं त्यांचं म्हणणं. मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा ठेवायची. पगार बरा होता हे कबूल, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मिळणार का, यावर उत्तर येईना. सगळ्या कंपन्या अशा असतात असं नाही. आखातात कितीतरी विद्यापीठं अशाच कंत्राटदारांमार्फत माणसं घेतात आणि नीट चालतं. पण कामाचा व्हिसा हातात पडल्याशिवाय विमानात बसायचं नाही आणि मूळ कागद कुणाच्या कपाटात ठेवायचे नाहीत, हे माझं ठरलेलं आहे. बाबा, तुम्हालाही हेच आवडेल.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘पर्मनंट आहे का’ याच्या आधी दुसरे प्रश्न विचारायला हवेत. करारावर सही कुणाची? व्हिसा कोणत्या वर्गाचा? आठवड्याला तास किती, आणि सुट्टीचा पगार चालू राहतो का? हे ज्याचं स्वच्छ आहे तो तीन वर्षांचा करार मला कागदावरच्या ‘कायम’ नोकरीपेक्षा भरवशाचा वाटतो.

तरी कायम जागा का नाहीत, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मलाच मिळत नाहीयेत. जपानचं बघा. १९९२ मध्ये तिथे अठरा वर्षांची मुलं सुमारे २० लाख ५० हजार होती. आता ती सुमारे ११ लाखांवर आली आहेत. विद्यापीठं मात्र तेवढीच, किंबहुना वाढलेली. उद्या वर्गात मुलं बसतील की नाही याची खात्री नसलेली संस्था कुणाला तीस वर्षांचा शब्द देईल? कोरियातही हीच रड आहे, मोठ्या शहरांबाहेरच्या विद्यापीठांच्या जागा भरत नाहीत. त्यात जपानमध्ये एप्रिल २०१३ पासून कायदा असा झाला की एकाच ठिकाणी करारावर पाच वर्षांहून जास्त काम केलं की माणूस मुदत नसलेला करार मागू शकतो. कायद्याचा हेतू करारावर काम करणाऱ्यांच्या भल्याचा. झालं असं की अनेक संस्थांनी जाहिरातीतच ‘जास्तीत जास्त पाच वर्षं’ असं छापायला सुरुवात केली. त्याखाली पुन्हा पार्ट-टाइमवाले. त्यांना ‘कोमा’वर पैसे, म्हणजे दर तासाप्रमाणे, आणि तास बहुधा नव्वद मिनिटांचा. आपल्या तासिका तत्त्वाचं सख्खं भावंड म्हणा ना. आज या विद्यापीठात दोन कोमा, उद्या त्या विद्यापीठात तीन, मधे ट्रेन. तसलं काम मी घेणार नाही. तेवढ्यावर सहसा व्हिसाही मिळत नाही.

तयारीचं म्हणाल तर, एम.ए. इंग्रजी पुरेसं आहे असं मला वाटायचं तेव्हा मी जाहिराती नीट वाचलेल्याच नव्हत्या. बहुतेकांना ‘टेसॉल, उपयोजित भाषाविज्ञान किंवा संबंधित विषय’ यात मास्टर्स लागतं. इथे टेसॉल म्हणजे ती संघटना नाही, इतर भाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा विषय. आपलं साहित्याचं एम.ए. त्या ‘संबंधित’ मध्ये बसतं की नाही हे समितीच्या मर्जीवर. म्हणून केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण, केला. १२० तासांचा कोर्स, त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागे बसून कुणीतरी आपली चिरफाड लिहून काढायची. आखातात त्याला वजन आहे. जपानमध्ये सेल्टापेक्षा छापून आलेले लेख विचारतात, बहुतेक ठिकाणी निदान दोन-तीन तरी. इथे एक मोह असतो. पैसे भरा, आठवड्यात लेख छापून देतो, अशी ईमेल रोज येतात. निवड समितीतल्या लोकांना ती नियतकालिकं पाठ असतात. त्यापेक्षा एखादा वर्गातल्या कामावरचा लहान, खरा लेख बरा. माझा एक आला आहे, दुसरा परीक्षकांकडे अडकला आहे. खोडी काढणारा परीक्षक क्रमांक दोन हा प्राणी सगळ्या जगात सारखाच असतो असं ऐकून आहे.

जागा कुठे बघतेस, असं बाबांनी विचारलं होतं. जपानसाठी जेआरईसी-इन नावाचं पोर्टल आहे, तिथल्या सरकारी विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचं. विद्यापीठांच्या जागा तिथेच येतात. बाकी ठिकाणी विद्यापीठाची स्वतःची वेबसाइट हाच खरा आधार. दुसरीकडे दिसलेली प्रत्येक जाहिरात मी मूळ वेबसाइटवर जाऊन पडताळते. तिथे नसेल तर ती नाहीच असं धरते. जपानचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, कोरियाचं मार्चला, आखाती देशांचं ऑगस्ट-सप्टेंबरला. म्हणजे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून करायचे. मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचा नमुना-तास घ्यावा लागतो. समोर प्राध्यापक, आणि त्यांनी पहिल्या वर्षाची मुलं असल्याचं नाटक करायचं! एक मैत्रीण सांगत होती, तिच्या नमुना-तासाला एक ज्येष्ठ प्राध्यापक इतके समरस झाले की खरोखर झोपले. तिला ती नोकरी मिळाली.

आई, तुझा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मला माहीत आहे. आम्हाला काही झालं तर? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही आणि उगाच धीर देणार नाही. एवढं करता येतं की जी ठिकाणं एका दिवसात परत येण्याजोगी आहेत तीच निवडायची. दक्षिण अमेरिकेतली एक सुंदर जाहिरात याच कारणाने सोडून दिली, आणि त्याचं मला दुःख नाही. विद्यापीठाच्या नोकरीत वर्षातून दोन मोठ्या सुट्ट्या असतात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, क्लासवाल्यांना त्या नसतात. कराराच्या मसुद्यात तातडीच्या रजेचं कलम आहे का, हे मी पगाराच्याही आधी वाचते. दादाशीही बोलले आहे. तो काय म्हणाला ते त्यालाच विचारा, मी सांगितलं तर तिखटमीठ लावल्यासारखं होईल.

बाबा, आता तुमच्यासाठी काम. माझी पदवी आणि एम.ए.ची मूळ प्रमाणपत्रं तुमच्याकडे आहेत. ती लॅमिनेट करून घेण्याचा विचार तुम्ही बोलून दाखवला होतात. कृपा करून करू नका! नोकरी लागली की त्यांच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरे असल्याचा सरकारी शिक्का, करून घ्यावं लागेल. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत तो एक शिक्का पुरतो, मग वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत. आपण २००५ पासून त्यात आहोत, जपान आणि कोरिया त्याआधी किंवा नंतर पण आहेतच. आपल्याकडे मात्र आधी राज्य सरकारच्या पातळीवर पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालय, अशी दोन पायऱ्यांची वाट असते, आणि ते स्टिकर प्लॅस्टिकवर लावत नाहीत. शिवाय प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेवढं चष्मा लावून बघा. माझ्या एम.ए.च्या प्रमाणपत्रावर तुमच्या नावातला एक ‘ए’ जास्त आहे अशी मला शंका आहे. तसं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाकायला हवा, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला घाई हा प्रकार माहीत नाही.

दोन अर्ज पाठवले आहेत, तिसऱ्याचं शिफारसपत्र सरांकडून यायचं आहे. या वर्षी नाही जमलं तर इथलं काम चालूच आहे, दुसरा लेख तोवर छापून येईल. प्रमाणपत्रांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा, उजेडात, आणि आईला धरायला लावा म्हणजे हलणार नाहीत.

तुमची लेक