पेटाफ्लॉप छापता, नेटवर्कचं कोण छापणार?

संपादक साहेब, नमस्कार.

सुपरकॉम्प्युटरची बातमी म्हटली की आकडा ठरलेला, पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्य इतकी गणितं). 26 सप्टेंबर 2024 ला परम रुद्र आणि हवामानाच्या अर्का, अरुणिकाचं उद्घाटन झालं तेव्हाही तेच, पुण्याच्या अर्काची ताकद 11.77 पेटाफ्लॉप, हवामानाच्या मशीनवर 850 कोटी खर्च, बस्स. आतले हजारो प्रोसेसर एकमेकांशी बोलतात कशावर, ते माझ्या तरी वाचनात आलं नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं त्रिनेत्र नावाचं देशी नेटवर्क केलंय, त्याच्यावर दोन ओळी छापा की हो.

आमच्याकडं कारखान्याची गाळप क्षमता वाढवतात अन् वजनकाटा एकच ठेवतात, मग उसाच्या ट्रॅक्टरची रांग पार हायवेपर्यंत, तसंच हे. पावसाच्या मॉडेलमध्ये नकाशाचे तुकडे करून प्रोसेसरला वाटून देतात आणि शेजारच्या तुकड्याच्या कडेचे आकडे आल्याशिवाय पुढची स्टेप सुरूच होत नाही, म्हणजे नेटवर्क रेंगाळलं की कोटीचे प्रोसेसर नुसते लाईट खात बसतात.

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात छोटा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून एकच काम करणारे बरेच कॉम्प्युटर, सांभाळतो. त्यातल्या एकेका कॉम्प्युटरला नोड म्हणतात. बजेट कमी पडलं की पहिली कात्री नेटवर्कला लागते, नोड कमी करायला कुणीच तयार नसतं, उद्घाटनाच्या फोटोत नोड दिसतात ना!

पण म्हणून सगळ्यात महागडंच घ्या असंही माझं म्हणणं नाही. हिशोब बघा, 72 नोड आणि त्यांना जोडणारे 36 पोर्टचे (36 केबल लागणारे) स्विच. कुठंच अडू नये असं फुल फॅट-ट्री (खालच्या स्विचला जितके नोड तितक्याच वरच्या स्विचकडं जाणाऱ्या केबल, म्हणजे 1:1) करायचं तर 6 स्विच अन् 144 केबल लागतात. 2:1 केलं, म्हणजे खालच्या प्रत्येक स्विचला 24 नोड अन् वर जायला 12 च केबल, तर 4 स्विच अन् 108 केबलमध्ये भागतं. एका स्विचखालचे 24 नोड आपसात फुल स्पीडनंच बोलतात, त्यामुळं जॉब (मशीनवर चालवायची कामं) 24 नोडच्या आत असतील अन् शेड्युलरला, म्हणजे कामं नोडवर वाटणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते एकाच स्विचखाली टाकायला लावलं तर फरक जाणवणारही नाही. सगळे 72 लावून एकच मोठं मॉडेल पळवायचं असेल तर मात्र रडाल. आणि बियाण्याच्या जीनचे सॅम्पल सुटे सुटे तपासायचेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तिथं इन्फिनीबँडसारखं महागडं वेगवान नेटवर्क कशाला पाहिजे, ऑफिसात असतं तसलं साधं इथरनेट बास झालं.

हे सगळं टेंडरच्या आधी ठरायला पाहिजे अन् इथं तर मशीन आल्यावर विचारायलेत की यावर काय चालवायचं! माझी मागणी एवढीच, वेंडरकडून 1:1 आणि 2:1 दोन्हीचे रेट वेगवेगळे मागवा, लिनपॅकच्या (पेटाफ्लॉप मोजायच्या ठरलेल्या चाचणीच्या) आकड्यावर भुलू नका, आपल्याच कामाचा जॉब सगळ्या नोडवर एकदम चालवून बघा अन् मगच शेवटचं बिल पास करा.

एक वाचक, परभणी