आडोशाआडचा संसार

महोदय,

परदेशी गेला म्हणजे पैशांचे झाड लागले, हा समज फिलिपिन्समध्येही आहे. दुबईत सातवा नावाच्या वस्तीत राहत असताना माझे शेजारी बहुतेक फिलिपिनो होते. कुटुंबाला व्हिसावर आणायचे तर पगार किमान ४,००० दिरहॅम लागतो. मालकाने घर दिले असेल तर ३,०००. तेवढ्यात भाडे आणि मुलांची फी (परदेशी मुलांना तिथे बहुधा खासगी शाळाच) भागत नाही. म्हणून एका फ्लॅटमध्ये प्लायवूडचे आडोसे घालून चार-चार बिऱ्हाडे राहतात. जून २०२५ मध्ये पालिकेने सातवा, अल रिग्गा भागांत या आडोशांवर कारवाई केली. आगीचा धोका खरा आहे, हे मान्य. पण ही माणसे जाणार कुठे?

माझी शेजारीण स्वतः भात आणि तळलेल्या सुक्या मासळीवर दिवस काढी, पण साबण, चॉकलेटे, डबाबंद मांस भरून गावी पाठवायचा 'बालिकबायान' खोका कधी चुकवत नसे. २०२४ मध्ये फिलिपिनोंनी मायदेशी ३४ अब्ज डॉलरहून अधिक रोख रक्कम पाठवली. फिलिपिन्सचे सरकार त्यांना 'नवे वीर' म्हणते. त्या वीरांच्या भाड्याचा प्रश्न दुबई आणि फिलिपिन्स या दोन्ही सरकारांनी एकत्र बसून सोडवावा. आपली कोकणातली पोरेही त्याच आडोशांत राहतात.

– एक वाचक, चिपळूण