ऊसतोड बाईचा शीण तिच्या बोलीत मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या हंगामात एका पाहणीसाठी मी बीडच्या ऊसतोड टोळ्यांसोबत फडावर होते. हातात थकव्याची प्रश्नावली होती, इंग्रजीवरून घाईघाईने मराठीत केलेली. त्यात एक वाक्य होतं, 'मला फिट वाटतं.' कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, भाकरी थापणाऱ्या बाईचा हात थांबला. "न्हाई ओ ताई, मला कधीच फिट आली न्हाई. मुकादमाला असलं काई सांगू नका," ती घाबरून म्हणाली. मी ते वाक्य तिथेच खोडलं.

मूळ प्रश्नावली, 'चेकलिस्ट इंडिव्हिज्युअल स्ट्रेंथ', चांगली आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी ती 1994 मध्ये मांडली. 20 वाक्यं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण, काळ गेल्या दोन आठवड्यांचा. पुढे तिथल्या नोकरदारांवरही ती वापरली गेली आणि 76 च्या वर गुण गेले की थकवा धोक्याचा धरायचा असं ठरलं. जपानीत आणि इतर भाषांतही ती गेली आहे. आपल्याकडे ती यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे पत्र.

त्या वीसपैकी तीन वाक्यं माणूस दिवसभरात किती हालचाल करतो हे विचारतात. थकलेला माणूस कमी काम करतो, हा त्यामागचा हिशेब. फडावर तो उलटा पडतो. पहाटे चारला कोयता हातात, दिवसभर तोड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडी भरायची. खाडा झाला की पैसे कापतात. "उचल फिटेस्तोवर अंग मोडून आलं तरी उठावंच लागतंय," हे त्याच बाईचे शब्द. उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. 'दिवसभरात मी खूप काम करते' याला ती होच म्हणणार. कागदावर मात्र तिचे गुण कमी होतात आणि ती धडधाकट ठरते. अशी आकडेवारी उद्या आपल्या टेबलावर आली तर ऊसतोड बायकांना थकवाच नाही असं वाटेल, आणि ही चूक त्यांच्या जिवावर बेतेल.

साहेब, 2019 च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या आकड्याने सगळे हादरलो. पण शस्त्रक्रियेआधी वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं आणि शीण कुठल्या कागदावर होता?

म्हणून विनंती अशी. भाषांतर दोघांनी वेगवेगळं करावं. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत उलट फिरवावं, म्हणजे अर्थ कुठे निसटला ते कळेल. मग धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या बायकांना एकेक वाक्य वाचून दाखवून 'यातून तुम्हाला काय कळलं?' असं विचारावं. त्या 'थकवा' क्वचितच म्हणतात. 'अंग आंबलंय', 'हातपाय गळाल्यात', 'जीव शिणलाय' म्हणतात, आणि या तिन्हींचा अर्थ एक नाही. 'दम लागतो का' विचारलं तर त्या धापेबद्दल सांगतात. दोन आठवडे म्हणण्यापेक्षा 'पंधरवडा' म्हणा, कारखान्याचा हिशेब पंधरवड्याचा असल्याने तो त्यांना नेमका आठवतो. सात चौकटींऐवजी सात खडे पुढे ठेवून पाहिले, ते चाललं. हालचालीची तीन वाक्यं वेगळी मोजावीत. 76 ची रेषाही जशीच्या तशी घेऊ नये, हिमोग्लोबिन आणि खाड्यांशी ताडून इथली रेषा इथेच ठरवावी.

आणखी एक. नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' मोजला जातो, त्यामुळे उत्तरं नवराच देतो. बाईला एकटीला विचारायला हवं, मुकादम आसपास नसताना.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्याआधी गावातच एकदा आणि परतल्यावर एकदा हे विचारता येईल, आशाताई हे काम करू शकतात, फक्त त्यांना त्याचा वेगळा मोबदला द्या. मी खोडलेल्या वाक्यांची वही माझ्याकडे आहे. बोलावलंत तर ती घेऊन येईन.

आपली नम्र,
बीड जिल्ह्यातील एक आरोग्य कार्यकर्ती