शेकोटी आणि सकाळचं फिरणं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थंडी पडली की दिल्लीच्या हवेचे फोटो छापून येतात आणि आम्ही पुणेकर ‘आपलं त्या मानाने बरंय’ म्हणत मफलर गुंडाळून पहाटे सहाला फिरायला निघतो. गेल्या डिसेंबरात माझ्या दम्याने उचल खाल्ली. डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी विचारलं, “फिरायला किती वाजता जाता?”

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. ऊन चढेपर्यंत धूर वर जातच नाही. त्यात नेमक्या त्याच वेळी झाडून गोळा केलेला पाला पेटतो आणि सोसायट्यांच्या फाटकांशी शेकोट्या. शेकोटीत नुसती लाकडं कुठे असतात? दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, प्लायवूडचे तुकडे, सगळंच जातं.

मोबाइलवरचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा मात्र ‘समाधानकारक’ म्हणतो. एक तर तो आकडा २४ तासांच्या सरासरीचा आणि कुठल्या तरी लांबच्या केंद्राचा. दुसरं म्हणजे धुरातले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, जे नाकाला न जुमानता थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, ते घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले तरी आपल्याकडे ‘समाधानकारक’च. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाची मर्यादा १५ ठरवली आहे. (जाता जाता: ‘दम्याच्या पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते’ म्हणून तो टाळणाऱ्यांनी कृपया डॉक्टरांशी बोलावं. मी दोन वर्षं टाळला आणि पस्तावले.)

उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच सांगितलं आहे. पण तो वॉचमनकाकांकडून घ्यायचा का? बारा तास थंडीत बसणारा माणूस शेकणारच. आमच्या सोसायटीत दिवाळीच्या माळांना पैसे होते, केबिनमधल्या हीटरला नव्हते. शेवटी आम्ही चौघींनी वर्गणी काढून हीटर आणि जाड ब्लँकेट घेतलं, पाल्यासाठी मागे खड्डा केला. आमची शेकोटी बंद झाली. शेजारची रोज पेटते, म्हणून मी अजून नऊनंतरच बाहेर पडते.

रस्त्यावरच्या पाल्याचं मात्र आम्हाला जमणारं नाही. महापालिकेने झाडणाऱ्या कामगारांना वेगळी पोती द्यावीत आणि ती रोज उचलायला गाडी पाठवावी, एवढीच मागणी.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे