‘मुस्तफा’चे लायसन्स मागायचे कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजचे फेस्टिव्हल, सोसायटीचा गणेशोत्सव, आता तर लग्नाचा हॉलसुद्धा. जुन्या व्हिडिओ गेमचे कॅबिनेट भाड्याने आणून ठेवायची टूम मुंबईत निघाली आहे. लायसन्सचा विषय काढला की दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक म्हणजे, ‘गेम तीस वर्षे जुना, कंपनी बुडाली, आता कसला कॉपीराइट?’ दुसरे म्हणजे, ‘इम्युलेटर म्हणजे चोरीच.’ दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसऱ्यामुळे कायदा पाळू इच्छिणारा हौशी माणूस विनाकारण घाबरतो.

इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. तो आणि गेम या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोघांचे लायसन्सही वेगळे आहे. ‘मेम’ हा सर्वांत परिचित आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा) इम्युलेटर १९९७ साली आला. २०१६पासून तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली खुला झाला, त्यामुळे तो वापरणे, वाटणे, त्यावर धंदा करणेही चालते. फक्त नाव आणि लोगो ट्रेडमार्क आहेत, ते कॅबिनेटवर छापण्याआधी विचारावे लागते. घोळ होतो तो जुन्या आवृत्त्यांत. रास्पबेरी पायसारख्या लहान कॉम्प्युटरवर वेग मिळावा म्हणून सर्रास ‘मेम २००३’ टाकले जाते. ते २०१६च्या आधीच्या कोडवर उभे आहे आणि त्या लायसन्समध्ये व्यावसायिक वापराला स्पष्ट मनाई आहे. ‘एफबी निओ’ या दुसऱ्या इम्युलेटरलाही तीच अट आहे. म्हणजे गेमचे हक्क खिशात असले, तरी तिकीट लावून चालवलेले यंत्र इम्युलेटरच्या पायरीवरच अडखळते. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१९मध्ये कॅपकॉम या गेम कंपनीचे ‘कॅपकॉम होम आर्केड’ हे घरगुती यंत्र बाजारात आले तेव्हा त्यात ‘एफबी अल्फा’ हा इम्युलेटर वापरला होता. त्याची व्यावसायिक परवानगी एकाच प्रमुखाने परस्पर दिली म्हणून बाकीचे प्रोग्रामर बाहेर पडले, आणि एफबी निओ जन्माला आले ते त्यातूनच.

आता गेमकडे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७नुसार कॉम्प्युटर प्रोग्राम म्हणजे साहित्यकृती. संरक्षणाचा काळ साठ वर्षांच्या हिशेबात मोजला जातो, त्यामुळे १९८०चा ‘पॅक-मॅन’ही अजून मोकळा झालेला नाही. कंपनी बुडाली म्हणून हक्क बुडत नाहीत. ते विकले जातात. मात्र याच कायद्याच्या कलम ५२(१)मध्ये हौशी माणसाला उपयोगी असे दोन पोटखंड आहेत. ‘एए’प्रमाणे प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला नाश किंवा बिघाडापासून बचाव म्हणून बॅकअप काढता येतो. ‘एडी’प्रमाणे स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी नक्कल करता येते.

सगळी मेख ‘कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत’ या शब्दांत आहे. चोरबाजारात किंवा बंद पडलेल्या पार्लरच्या भंगारात मिळणारा बोर्ड, म्हणजे गेमच्या चिप बसवलेली पाटी, अनेकदा मुळात बनावट असतो. हवेतल्या हवेत हाडोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) मारणारा ‘स्ट्रीट फायटर’ ज्यांना आठवतो, त्यांनी बहुधा ‘रेनबो एडिशन’ नावाची नक्कलच खेळली आहे. अशा बोर्डावरून काढलेल्या प्रतीला वरच्या पोटखंडांचा आधार मिळत नाही, तुम्ही रोख पैसे मोजले असले तरी. म्हणून आधी बोर्ड ओळखायला शिका. कॅपकॉमच्या सीपीएस-१ यंत्रणेत एकावर एक तीन बोर्ड असतात. खालच्या ए-बोर्डावर ‘सीपीएस-ए-०१’ आणि सी-बोर्डावर ‘सीपीएस-बी’ अशी छापील नावे असलेल्या खास चिप हव्यात. त्यांच्या जागी साध्या लॉजिक चिपची रांग दिसली, चिपवरचे आकडे घासून काढलेले असले, ईप्रॉमवर (गेमचा प्रोग्राम साठवणाऱ्या चिपवर) कंपनीचे लेबल नसले, तर संशय घ्या. कित्येकदा ए-बोर्ड अस्सल आणि वरचे दोन नकली अशी खिचडी असते. तेव्हा फक्त खालचा बोर्ड बघून निर्धास्त होऊ नका.

बोर्ड अस्सल निघाला तर बॅकअप लगेच काढावा. मुंबईच्या दमट हवेत सॉकेट गंजतात. बोर्ड जॅमा (आर्केड बोर्ड जोडायची प्रमाणित जोडणी) पद्धतीचा असेल तर ५६ टोकांच्या कनेक्टरवर, म्हणजे पॉवर सप्लायच्या तोंडाशी नव्हे तर बोर्डाच्या कडेला, मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट येतात का ते पाहा. वायर बारीक असली की सप्लायवर ५ आणि बोर्डावर ४.७ असे होते, आणि गेम मध्येच रीसेट झाला की लोक चिपला दोष देतात. ईप्रॉम काढण्याआधी प्रत्येक चिपची जागा आणि दिशा दिसेल असा फोटो घ्या. चिपच्या काचेच्या खिडकीवरचे लेबल सोलू नका. ते निघाले तर अपारदर्शक पट्टी लावा, कारण अतिनील प्रकाशाने आतला डेटा पुसला जातो. चिप वाचणाऱ्या ‘प्रोग्रामर’ नावाच्या यंत्रात चिपचा नंबर अचूक निवडा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जुन्या टीएमएस२७१६ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. तिला साधी २७१६ समजून वाचले तर मिळतो तो कचरा. प्रत्येक चिप तीनदा वाचा आणि तिन्ही वेळचा एसएचए-१ (फाइलवरून निघणारा ओळख-आकडा) जुळला तरच फाइल ठेवा. दर वेळी वेगळा आला तर पाय साफ करून पुन्हा वाचा.

एवढे करूनही गेम चालेलच असे नाही. मेमच्या प्रत्येक आवृत्तीला तिच्या काळातला रॉम-संच (गेमच्या चिपवरून काढलेल्या फाइलींचा संच) लागतो, कारण पुढे एखादी चिप नव्याने वाचली गेली की यादी बदलते. क्यूसाउंड आवाज असलेल्या गेमना नव्या आवृत्त्यांत आवाजाच्या चिपची वेगळी फाइल लागते. काल चालणारा गेम अपडेटनंतर ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो तो यामुळे. ‘व्हेरिफायरॉम्स’ ही आज्ञा नेमके काय कमी आहे ते सांगते. तेवढ्यावरून कुठून तरी अख्खा संच उतरवून घ्यायची गरज नाही, आणि तो उतरवणे कायदेशीरही नाही.

आता मुंबईकरांच्या लाडक्या ‘मुस्तफा’बद्दल. पिवळ्या टोपीवाल्याच्या नावाने ओळखला जाणारा हा गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. लायसन्स का अडते हे समजायला याहून चांगले उदाहरण नाही. प्रोग्राम आणि चित्रे कॅपकॉमची. पात्रे आणि कथा मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली. कॅडिलॅक हा ट्रेडमार्क जनरल मोटर्सचा. आवाजाचे तंत्र क्यूसाउंड या आणखी एका कंपनीचे. या आर्केड गेमची घरगुती आवृत्ती कधीच निघाली नाही, म्हणजे विकत घ्यायची म्हटली तरी सोय नाही. त्यात मूळ बोर्डावर बॅटरी आहे. आवाजाचा प्रोग्राम कुलूपबंद असून त्याची किल्ली त्या बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी मेली की बोर्ड निकामी, आणि नुसती ईप्रॉमची नक्कल काढून किल्ली हाती येत नाही. बॅटरी बदलताना त्या मेमरीचा पुरवठा क्षणभरही तुटता कामा नये, तेव्हा हे नवशिक्याचे काम नव्हे. दुसऱ्याची पात्रे घेतलेला गेम कधीच परत येत नाही असेही नाही. कॅपकॉमचाच, त्याच वर्षीचा ‘पनिशर’ २०२४मध्ये मार्व्हलच्या अधिकृत संग्रहात आला. पण हे मोठ्या टेबलावर घडते. चार हौशींनी पत्र लिहून ‘मुस्तफा’ सुटणार नाही हे मान्य करावे आणि ज्याचा मालक एकच आहे अशा गेमपासून सुरुवात करावी.

मालक शोधताना पडद्यावर दिसणाऱ्या नावावर थांबू नये. ‘डबल ड्रॅगन’ बनवणारी टेक्नोस १९९६मध्ये बंद झाली, आणि २०१५पासून तिचे हक्क आर्क सिस्टिम वर्क्सकडे आहेत. डेटा ईस्ट २००३मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचे बरेच गेम जी-मोडने घेतले. टायटो २००५मध्ये स्क्वेअर एनिक्सकडे गेली.

पत्र पाठवताना ‘आम्हाला परवानगी द्यावी’ एवढेच लिहिले तर उत्तर आले तरी फायदा नाही. कायद्याला परवाना लेखी हवा, आणि त्यात जे लिहिलेले नसते ते कायदा स्वतः भरतो: मुदत नसेल तर पाच वर्षे, प्रदेश नसेल तर भारत. दिलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, अन्यथा ठरले नसल्यास, तो संपतो. कॅबिनेटचे काम सुताराकडे रखडले म्हणून परवाना गेला असे होऊ शकते, हे लक्षात ठेवा. म्हणून पत्रात गेमची नेमकी आवृत्ती आणि फाइलींचे एसएचए-१, यंत्रांची संख्या, जागा, पैसे घेणार की नाही, कोणता इम्युलेटर, कॅबिनेटवरचे चित्र आणि नाव छापायचे का, मुदत संपल्यावर प्रतीचे काय, हे सगळे हवे. भाड्याने द्यायचे असेल तर तसे वेगळे लिहा. प्रोग्राम भाड्याने देणे हा मालकाचा स्वतंत्र हक्क आहे. घरगुती वापरासाठी घेतलेला अधिकृत संग्रह हॉलमध्ये नाणे टाकून चालवता येतो हा समज महागात पडू शकतो. कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

ज्यांना आजच काही चालवायचे आहे त्यांच्यासाठी मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर हक्कदारांनी बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत दिलेले थोडे गेम आहेत: एक्झिडी कंपनीचे ‘सर्कस’ आणि ‘स्टार फायर’, शिवाय ‘रॉबी रोटो’ वगैरे. विनातिकीट प्रदर्शनाला ते पुरेसे आहेत. ‘सर्कस’ जॉयस्टिकवर खेळून ‘बकवास गेम’ म्हणू नका. तो गोल फिरणाऱ्या नॉबसाठी बनला आहे, निदान माउस तरी जोडा. त्याच्या काही आवाजांसाठी वेगळी सॅम्पल (रेकॉर्ड केलेल्या आवाजांची) फाइल लागते, नाहीतर विदूषक मुकाट्याने फुगे फोडत राहतात.

राहिले ते गेम ज्यांचा मालक खरोखरच सापडत नाही. त्यांच्यासाठी कलम ३१ए आहे आणि ते फारसे कुणाला ठाऊक नसते. कृती भारतात उपलब्ध नसेल आणि मालक शोधूनही मिळत नसेल, तर ती प्रकाशित करण्याच्या परवान्यासाठी व्यापारी न्यायालयात अर्ज करता येतो. ठरलेली रॉयल्टी जमा करावी लागते. पुढे मालक उगवला तर ती त्याची. शोध घेतल्याचा पुरावा लागणार, म्हणून परत आलेली पत्रे आणि ईमेल फेकू नका. अर्जाआधी प्रस्तावाची सूचना देशभर खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात द्यावी लागते. कुणाला एखाद्या गेममधला मजकूर मराठीत आणायचा असेल, तर मात्र तीच सूचना मराठी दैनिकातही छापावी लागेल. तशी वेळ आली तर तिचा दर काय पडेल, हे आपल्या जाहिरात विभागाकडून कळले तर बरे होईल.

आपले,
जुनी आर्केड यंत्रे दुरुस्त करणारे काही हौशी,
दादर, मुंबई